शिसे, कवच आणि विवेक

नीतीचा विचार आपण बहुधा मोठ्या प्रश्नांपासून सुरू करतो. युद्ध धर्म्य असू शकते काय, प्राण्याला मारण्याचा अधिकार मनुष्यास कोठून आला, शासनाने शस्त्र धारण करावे आणि प्रजेने करू नये हे न्याय्य कसे, असे ते प्रश्न असतात. त्यांची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे आणि पुढेही चालेल. आम्हांस या लेखात मात्र एक अगदी लहान, कारागिराच्या बाकावरचा वाटेल असा प्रश्न घ्यावयाचा आहे. बंदुकीची गोळी नुसत्या शिशाची असावी, की शिशावर तांब्याचे कवच चढविलेली असावी? साहित्य मंडळाच्या पत्रिकेत हा विषय पाहून काही वाचक चष्मा पुसून पुन्हा पहिली ओळ वाचतील. त्यांना विनंती एवढीच की, थोडा धीर धरावा. या एका प्रश्नात गेल्या दीडशे वर्षांचा नैतिक इतिहास साठलेला आहे आणि त्यातील काही पाने आपल्याच भूमीवर लिहिली गेली आहेत.

सरकारी सेवेत असताना शस्त्रपरवान्यांच्या नस्त्या आमच्या टेबलावरून पुष्कळ गेल्या. ग्वाल्हेर-चंबळ भागात खांद्यावरची बंदूक ही प्रतिष्ठेची खूण मानली जाते, हे तिकडच्या वाचकांस आम्ही सांगावे असे नाही. त्या नस्त्यांत बंदूक कोणाला द्यावी याची चौकशी असे, काडतुसांचा आकडा असे; पण गोळी कशाची, हा प्रश्न कोणास पडल्याचे आम्हांस स्मरत नाही. तो प्रश्न ज्यांना नित्य पडतो ते अमेरिकेतील नेमबाज आणि शिकारी. आपल्याकडे परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा १९५९च्या शस्त्र अधिनियमाने गुन्हा ठरतो. अमेरिकेत मात्र स्वतःच्या वापरापुरती काडतुसे घरी भरणे हा जुना आणि कायदेशीर छंद आहे. काडतुसाचे घटक चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. बार उडाल्यावर पुंगळी उरते. ती साफ करून, पुन्हा मापात आणून, नवी टोपी, मोजलेली दारू आणि नवी गोळी बसविली की काडतूस पुन्हा तयार होते. यांतील टोपी आणि दारू बाजारातून आणावीच लागते. गोळी कोणती घ्यावी, हे मात्र भरणाऱ्याच्या हाती असते.

नुसत्या शिशाची गोळी स्वस्त पडते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ते घरच्या शेगडीवरही साच्यात ओतता येते. शुद्ध शिसे फार मऊ, म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. जुन्या लायनोटाइप यंत्रांच्या धातूला या मंडळींत मोठा मान असतो, कारण त्यात सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे कठीण मिश्रण आयतेच मिळते. ज्या जातीच्या धातूचे खिळे जुळवून आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने मासिके आणि पंचांगे छापली, त्याच जातीच्या धातूची गोळी होते, ही गोष्ट अक्षरप्रेमी वाचकास क्षणभर अस्वस्थ करील. धातूला स्वतःचे नीतिशास्त्र नसते, एवढे तरी यावरून कळते.

शिशाला मर्यादा आहे ती वेगाची. गोळी फार जोराने सुटली की मऊ शिसे नळीतल्या आट्यांवर घासून तेथेच लिंपले जाते आणि नेम बिघडतो. काळ्या दारूच्या युगात हा प्रश्न मोठा नव्हता. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू सिद्ध केली, १८८६ मध्ये तीवर चालणारी लेबेल बंदूक फ्रेंच सैन्याने स्वीकारली आणि गोळीचा वेग एकदम वाढला. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये एदुआर्द रुबिन याने शिशावर तांब्याचे कवच चढविण्याची युक्ती पुढे आणली. तांबे १०८५ अंशांपर्यंत वितळत नाही आणि आट्यांची पकड सहज सोसते. अशा रीतीने कवच जन्मास आले ते निव्वळ यांत्रिक गरजेतून. दयेचा किंवा क्रौर्याचा विचार त्यामागे नव्हता. तो नंतर आला.

आला तो हिंदुस्थानच्या वायव्य सीमेवर. १८९५च्या चित्रळ मोहिमेत ब्रिटिश सैनिकांपाशी .३०३ बोअरची नवी बंदूक होती आणि तिची गोळी पूर्ण कवचाची होती. ती शरीरातून आरपार जाई, छिद्र लहान पडे आणि धावून येणारा पठाण पुष्कळदा थांबत नसे, अशी तक्रार अधिकाऱ्यांनी केली. तेव्हा कलकत्त्याजवळच्या दमदम येथील दारूगोळ्याच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्याने गोळीच्या टोकावरचे कवच काढून आतले शिसे उघडे ठेवले. अशी गोळी शरीरात शिरताच टोकाशी पसरते आणि जखम मोठी करते. १८९७-९८च्या तिराह मोहिमेत ती वापरली गेली आणि दमदम हे गावाचे नाव जगातील अनेक भाषांत एका क्रूर वस्तूचे सामान्यनाम होऊन बसले.

१८९९ मध्ये हेग येथे शांतता परिषद भरली, तेव्हा शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणारा जाहीरनामा २९ जुलैला संमत झाला. ब्रिटन आणि अमेरिका यांनी विरोध केला. ब्रिटनचे लष्करी प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा युक्तिवाद असा होता की, सुसंस्कृत राष्ट्राचा सैनिक गोळी लागली म्हणजे मागे फिरून शुश्रूषा शोधतो. रानटी शत्रू मात्र अंगातून गोळी गेली तरी चालून येतो, म्हणून त्याच्यासाठी निराळी गोळी पाहिजे. ब्रिटनने तो जाहीरनामा पुढे १९०७ मध्ये स्वीकारला. अमेरिकेने तो आजवर स्वीकारलेला नाही. १९९८च्या रोम संविधीने अशा गोळ्यांचा वापर आंतरराष्ट्रीय युद्धातील गुन्ह्यांत धरला आणि २०१० मध्ये कंपाला येथील परिषदेने तोच नियम देशांतर्गत सशस्त्र संघर्षासही लावण्याचे ठरविले.

आर्डा यांचा युक्तिवाद आज वाचताना संताप येतो. पण संतापून सोडून देण्यापेक्षा तो समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. त्यांनी गोळीविषयी जे सांगितले ते तंत्राच्या भाषेत होते: वेग, आघात, थांबविण्याची शक्ती. पण त्या भाषेखाली एक मोजणी चालू होती. कोणाच्या वेदनेची गणना करावयाची आणि कोणाची नाही, हे आधीच ठरलेले होते. सीमेवरचा माणूस त्या गणनेत नव्हता. गोळीचे टोक कापण्याआधी माणसांची यादी कापली गेली होती.

हा विवेक केवळ युरोपास सुचला असे समजण्याचे कारण नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात रणात वर्ज्य शस्त्रे सांगितली आहेत, त्यांत कर्णी बाण, विषाने माखलेले बाण आणि पेटत्या टोकाचे बाण येतात. कर्णी म्हणजे ज्याच्या टोकास मागे वळलेले काटे आहेत तो. शिरताना जितका दुखवितो त्याहून काढताना अधिक फाडतो. दमदमच्या गोळीचा हा पूर्वजच म्हणावयाचा. त्या ग्रंथातील इतर अनेक विधाने आज कोणासही मान्य होणार नाहीत, आम्हांसही नाहीत. परंतु शत्रूला मारणे आणि शत्रूला नाहक पिडणे यांत भेद आहे, ही जाणीव तेथे स्पष्ट आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र विषप्रयोगांस एक संपूर्ण अधिकरण दिलेले आहे, हेही विसरता कामा नये. म्हणजे आपल्या परंपरेतही या प्रश्नावर दोन पक्ष होते.

इथवर उत्तर सोपे वाटते: कवच म्हणजे दया, उघडे शिसे म्हणजे क्रौर्य. आता रणांगण सोडून रानात जाऊ. ब्रिटनच्या १९९१च्या हरीण अधिनियमानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये हरणावर रायफल चालवावयाची तर गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच पाहिजे. अमेरिकेच्या अनेक राज्यांतही मोठ्या प्राण्यांच्या शिकारीस पूर्ण कवचाच्या गोळीची मनाई आहे. कारण उघड आहे. आरपार गेलेली गोळी घेऊन हरीण मैलभर पळते आणि कोठेतरी झुडपात तासन्‌तास तडफडत मरते. पसरणारी गोळी त्याला जागीच संपविते. जी गोळी माणसावर झाडली असता युद्धगुन्हा ठरते, तीच हरणावर झाडली असता कायद्याची आज्ञा आणि दयेची खूण ठरते. आणखी पुढे जावे तर, अनेक देशांचे पोलीस शहरात पोकळ टोकाच्या गोळ्या वापरतात, कारण ती लक्ष्यातच थांबते आणि मागे उभ्या असलेल्या वाटसरूस लागण्याचा धोका कमी होतो.

वाचक विचारील, मग खरे काय? आमचे उत्तर असे की, येथे विसंगती दिसते तितकी नाही. युद्धाच्या नियमामागील कल्पना अशी की, शत्रुसैनिक लढण्यास असमर्थ झाला म्हणजे हेतू पुरा झाला. त्याने जगावे, घरी जावे. १८६८च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमहून हलक्या स्फोटक गोळ्या निषिद्ध केल्या, त्यात हेच तत्त्व मांडले होते. आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, त्या जाहीरनाम्यासाठी पुढाकार घेणारा रशिया स्वतः तशी गोळी तयार करून बसला होता. शिकारीत हेतूच निराळा. तेथे मरण ठरलेलेच आहे, म्हणून ते लवकर यावे ही दया. वाटसरूच्या बाबतीत तर ज्याच्यावर नेम नाही त्याचा विचार आहे. गोळी एक, पण तिन्ही ठिकाणी विचारलेला प्रश्न सारखाच: या बाराने ज्यांना दुःख होईल, त्यांतले अनावश्यक दुःख कोणते? उत्तरे बदलतात, कारण दुःख भोगणारे बदलतात.

या यादीत आणखी एक नाव शेवटी भरले गेले, आणि ते पक्ष्याचे आहे. कॅलिफोर्नियातील काँडोर हा गिधाडाच्या वळणाचा प्रचंड पक्षी. १९८७ मध्ये शेवटचा मोकळा काँडोर पकडून आणला गेला, तेव्हा जगात एकूण २७ उरले होते. पिंजऱ्यात त्यांची वीण वाढवून १९९२ पासून ते पुन्हा सोडण्यात आले. आज त्यांची संख्या ५००च्या वर आहे. परंतु मोकळ्या काँडोरांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण शिशाची विषबाधा हेच ठरले. शिकारी हरणाची आतडी रानात टाकून जातो, किंवा जखमी जनावर हाती न लागता मरते. क्ष-किरणांखाली अशा अवशेषांत शिशाचे शेकडो बारीक कण दिसले आहेत. काँडोर ते मांसाबरोबर गिळतो, जठरातील तीव्र आम्लात शिसे विरघळून रक्तात जाते, पचनसंस्था लुळी पडते आणि पक्षी भरल्या पोटी उपासमारीने मरतो. अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी घातली होती. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून सर्वच शिकारीत शिशाचा दारूगोळा बंद केला.

येथे कवचाचा भरवसा धरणाऱ्याचा आणखी एक भ्रम दूर होतो. तांब्याचे कवच असले म्हणजे शिसे गेले असे नव्हे. ते आत आहेच. शिकारीच्या कवची गोळीचे टोक उघडे असते आणि तिचा वेग अधिक, त्यामुळे तिचे तुकडे पुष्कळ उडतात. उलट सावकाश जाणारी, कठीण मिश्रणाची ओतीव शिशाची गोळी बहुधा एकसंध राहते. म्हणजे घाण दिसणारा पर्याय काही वेळा कमी विषारी आणि स्वच्छ दिसणारा अधिक विषारी. यास उत्तर म्हणून आता संपूर्ण तांब्याची गोळी निघाली आहे. ती पाकळ्यांसारखी उमलते, पण फुटत नाही. ती महाग असते आणि तांबे शिशाहून हलके असल्यामुळे त्याच वजनासाठी लांब करावी लागते. काडतूस भरणाऱ्यास त्यासाठी नव्याने मोजमापे शिकावी लागतात. यांतले काहीच अशक्य नाही.

तरीही दोन आक्षेप उरतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला अहिंसावाद्याचा. तो म्हणेल, गोळी झाडूच नये. कोणती झाडावी ही चर्चा म्हणजे मनाची समजूत घालणे आहे. या आक्षेपात तथ्य आहे. १८९९च्या त्याच परिषदेत गुदमरविणाऱ्या वायूंचे गोळे वापरण्यावरही बंदी झाली होती, आणि अवघ्या सोळा वर्षांनी, १९१५ मध्ये, ईप्रच्या रणभूमीवर विषारी वायू सोडण्यात आला. पूर्ण कवचाच्या नियमनिष्ठ गोळ्यांनी त्या महायुद्धात लक्षावधी माणसे मारली. टोकदार वेगवान गोळी कवच शाबूत असूनही शरीरात उलटीपालटी होऊन भयंकर जखम करते, हेही सर्वज्ञात आहे. नियमाने आकार बांधला, वेदना बांधली गेली नाही. तरीपण आमचे मत असे की, सर्व हिंसा थांबेपर्यंत कमी-अधिक क्रौर्यातील भेद सोडून देणे हे जखमी माणसाच्या दृष्टीने अन्यायाचे आहे. ज्याचा हात वाचला त्याला तो भेद शाब्दिक वाटत नाही. अट एवढीच की, 'आमची गोळी दयाळू आहे' या समाधानाने गोळी झाडण्याचे कारण तपासण्याचे थांबू नये.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: हा निव्वळ तांत्रिक प्रश्न आहे, त्यात नीती कशाला? आम्ही आयुष्याची पस्तीस वर्षे कार्यालयात घालविली. त्या अनुभवावरून सांगतो की, 'तांत्रिक बाब' हे शब्द नस्तीवर उमटले म्हणजे बहुधा विचार तेथेच थांबतो. बंधाऱ्याची उंची, निविदेतील नळाची जाडी, रंगातील शिशाचे प्रमाण, या सर्व बाबी तांत्रिक. आणि त्या प्रत्येकीत कोणाच्या तरी अंगणात पाणी शिरावयाचे की नाही, कोणाच्या तरी मुलाच्या रक्तात विष जावयाचे की नाही, हे ठरत असते. मोठ्या तत्त्वांवर भाषणे होतात. परिणाम मात्र तपशिलाच्या रकान्यात ठरतो.

याच भूमीत गोळीच्या तपशिलाने एकदा इतिहास घडविला आहे. १८५७च्या जानेवारीत, पुन्हा त्याच दमदम येथून, एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांस गाईची व डुकराची चरबी लावलेली आहे ही वार्ता निघाली. कंपनी सरकारच्या दृष्टीने ती वंगणाची, म्हणजे तांत्रिक बाब होती. शिशाची गोळी नळीत सहज उतरावी, एवढाच तिचा उपयोग. ते काडतूस दातांनी कोण तोडणार आहे, हा प्रश्न वेळीच विचारला गेला नाही. पुढे सैनिकांनी मेण-तेल आपले आपण लावावे, काडतूस हाताने फाडावे, अशा सवलती आल्या, पण विश्वास उडालेला होता. १४ जूनला ग्वाल्हेरची कंटिंजंट फौज उठली, १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर तोफा चालल्या. त्या उठावाची कारणे अनेक आहेत आणि नुसत्या चरबीवर तो आला असे कोणीही जाणता म्हणणार नाही. परंतु ज्याच्या ओठाला वस्तू लागावयाची त्याला गणनेतून वगळले म्हणजे काय होते, याचे ते उदाहरण आहेच.

म्हणून घरी काडतुसे भरणाऱ्या माणसाची स्थिती आम्हांस नैतिकदृष्ट्या लक्षणीय वाटते. दुकानातून तयार डबा घेणारा म्हणू शकतो की, मिळाले ते वापरले. भरणाऱ्यास ही सोय नाही. धातू त्याने निवडला, वजन त्याने ठरविले, वेग त्याने मोजला. तो बंदिस्त मैदानात पुठ्ठ्यावर नेम धरीत असेल आणि मातीत गेलेले शिसे परत गोळा होत असेल, तर त्याने स्वस्त शिसे वापरावे. फक्त हात धुवावेत आणि मुलांना त्या बाकापासून दूर ठेवावे, कारण शिशाची निर्धोक अशी मात्रा माहीत नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रानात जात असेल तर मात्र त्याने शिसे सोडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही डॉलर वाचविण्यासाठी ज्याच्यावर नेमही धरलेला नाही त्या पक्ष्यास मारण्याचा त्याला अधिकार पोहोचत नाही.

आपल्यापैकी कोणी काडतुसे भरीत नाही. १९७२च्या वन्यजीव अधिनियमाने आपल्याकडची शिकार संपली आणि संस्थानी काळातील बंदुका भिंतीवरून उतरून पेटीत गेल्या. पण म्हणून आपण या प्रश्नाबाहेर आहोत असे नव्हे. आपल्या आकाशातील गिधाडे गोळीने गेली नाहीत; गुरांना दुखण्यावर दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने गेली. १९९०च्या दशकापासून त्यांच्या तीन जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. ते औषध दयेपोटीच दिले गेले होते. गाईच्या वेदनेची गणना झाली. गाय मेल्यावर तिच्यापाशी कोण येणार, त्याची झाली नाही. शेतकऱ्यास ते ठाऊक असणे शक्य नव्हते. २००४ मध्ये संशोधनाने कारण दाखवून दिल्यानंतर मात्र ते ठाऊक नाही असे म्हणता येत नाही.

आम्हांस वाटते, साधनांचा विवेक तो हाच. एखादी वस्तू हाती घेताना ती कोणासाठी आहे हे आपण जाणतोच; ती आपल्या हातून सुटल्यावर शेवटी कोणाच्या अंगात जाऊन थांबेल, हेही विचारावयाचे असते. उत्तर नेहमी मिळेल असे नाही. पण जेव्हा ते मिळालेले असते, तेव्हा किमतीचे आणि सवयीचे कारण पुढे करणे सोडून दिले पाहिजे.